कोणत्या दिवसाचे इंजिन?

वाफेच्या इंजिनांच्या छोट्या प्रतिकृती घडवणाऱ्या इंग्रज हौशी मंडळींत एक शेलकी शिवी फार दिवसांपासून चालत आली आहे. ती शिवी म्हणजे 'रिव्हेट मोजणारा'. कुणी महिनोन्महिने खपून एखादे इंजिन तयार करावे, चार मित्रांसमोर ते रुळांवर धावायला सोडावे आणि त्यातल्या एकाने भिंग काढून, टेंडरच्या पत्र्यावरील रिव्हेटांच्या रांगा मूळ इंजिनावरच्या रांगांशी जुळत नाहीत असे शांतपणे सांगावे. या माणसाच्या वाट्याला ती शिवी येते. शिवी देणाऱ्यांचे म्हणणे सरळ आहे. हा छंद आहे, तो आनंदासाठी करायचा असतो, आणि बोटभर उंचीच्या इंजिनावरील राईएवढ्या ठिपक्यांचा हिशेब मागणाऱ्याला आनंद म्हणजे काय तेच कळलेले नाही.

आम्ही या वादात रिव्हेट मोजणाऱ्याच्या बाजूने चार शब्द लिहू इच्छितो. तो सांगतो ते सगळेच आम्हाला मान्य आहे असे नव्हे. पण त्याची जी टिंगल होते, तिच्यातून आनंद आणि अचूकपणा एकमेकांचे वैरी आहेत असा एक समज पसरतो. हा समज केवळ खेळण्यांपुरता राहत नाही. ऐतिहासिक कादंबरी, चरित्र, भाषांतर, नाटकाचे नेपथ्य, जिथे जिथे 'मूळ' आणि 'प्रत' असे दोन पक्ष उभे राहतात, तिथे तिथे हाच वाद वेगळे कपडे घालून हजर होतो. इंजिनांच्या बाबतीत त्याचे एक बरे आहे, इथे मोजपट्टी लावता येते.

तेव्हा आधी मोजमापच पाहू. ब्रिटनमध्ये सर्वांत लोकप्रिय असलेल्या प्रमाणाला 'डबल ओ' म्हणतात. त्यात मूळच्या एका फुटाला चार मिलिमीटर धरतात, म्हणजे प्रतिकृती मुळाच्या ७६.२ पटींनी लहान. ब्रिटनमधील रुळांमधले अंतर ४ फूट ८.५ इंच. या हिशेबाने छोट्या रुळांतले अंतर १८.८३ मिलिमीटर भरले पाहिजे. प्रत्यक्षात ते असते १६.५ मिलिमीटर. याचा अर्थ, ही गाडी खरी असती तर ती ४ फूट १.५ इंच रुंदीच्या रुळांवरून धावली असती. सात इंच, म्हणजे जवळजवळ आठवा हिस्सा, कुठे तरी हरवला आहे.

ही चूक अडाणीपणाची नाही. युरोपच्या मुख्य भूमीवर जे 'एच ओ' प्रमाण रुजले, त्यात एका फुटाला साडेतीन मिलिमीटर असतात आणि त्या प्रमाणाला १६.५ मिलिमीटरचे रूळ बरोबर जुळतात. परंतु ब्रिटनमधले बोगदे आणि पूल अरुंद, त्यामुळे तिथली इंजिनेही युरोपातील इंजिनांपेक्षा अंगाने लहान. साडेतीन मिलिमीटरच्या प्रमाणात ब्रिटिश इंजिन केले तर त्याच्या पोटात त्या काळची विजेची मोटर मावेना. मग रूळ आणि चाके तशीच ठेवून वरचे शरीर तेवढे चार मिलिमीटरच्या प्रमाणाने वाढवले गेले. दोन महायुद्धांमधल्या काळात पत्करलेली ही तडजोड पुढे बाजाराने कायम केली. मोटरी लहान झाल्या, कारण संपले, तडजोड उरली. एका पिढीची अडचण ही पुढच्या पिढीची परंपरा कशी होते, याचे इतके स्वच्छ उदाहरण क्वचितच सापडेल.

ज्यांना हे खटकले त्यांनी आधी १८ मिलिमीटरचे रूळ घातले. मग १९६०च्या दशकात काहींनी थेट १८.८३ गाठले आणि केवळ अंतरच नव्हे, तर चाकाची जाडी, त्याच्या कडेची खोली, सांध्यांवरील फट, हे सारे मूळ आकड्यांवरून काढले. खऱ्या चाकाची कड सुमारे इंचभर खोल असते. ती या प्रमाणात मिलिमीटरच्या तिसऱ्या हिश्शाएवढी होते. असे चाक रुळावर टिकून राहायचे तर रूळ अगदी सपाट हवेत आणि इंजिनाचे प्रत्येक चाक स्वतंत्रपणे वरखाली व्हायला हवे. बाजारातल्या इंजिनांना यांपैकी काहीच लागत नाही. त्यांच्या चाकांच्या कडा खोल असतात आणि ती ४३८ मिलिमीटर त्रिज्येच्या वळणावरूनही सुखाने जातात. तेच वळण मूळ मापात ३३ मीटर त्रिज्येचे होईल, आणि त्यावर कोणतेही मोठे एक्स्प्रेस इंजिन पहिल्याच दांडीला अडकून बसेल.

इथे 'आनंदवादी' पक्ष आपला हुकमाचा एक्का टाकतो. तो म्हणतो, संपूर्ण अचूकपणा निसर्गालाच मान्य नाही. लांबी ७६ पटींनी घटवली की वजन ७६च्या घनाने, म्हणजे सुमारे ४ लाख ४२ हजार पटींनी घटते. शंभर टनांचे इंजिन सव्वादोनशे ग्रॅमवर येते. एवढ्या वजनाला रुळांची पकड पुरत नाही, म्हणून हौशी माणूस त्याच्या पोटात शिसे भरतो. पाणी, आग, वाफ यांना तर प्रमाण ठाऊकच नाही. २००३ साली हॉर्नबी कंपनीने याच प्रमाणात खऱ्या वाफेवर चालणारे 'मॅलार्ड' इंजिन विक्रीला आणले. वाफ खरी होती. पण पाणी तापवायला कोळसा नव्हता, रुळांतून येणारी वीज होती. मग खरे काय आणि खोटे काय? आणि जिथे शेवटी लबाडी करावीच लागते, तिथे रिव्हेट मोजून कोणते पुण्य लागते?

युक्तिवाद चटकदार आहे, पण आमच्या मते तो तडजोड आणि हयगय यांची गल्लत करतो. तडजोडीला कारण असते आणि माप असते. डबल ओ प्रमाणाचे रूळ सात इंचांनी अरुंद आहेत हे त्या छंदातील प्रत्येकाला माहीत आहे. ते सात इंच कुणी लपवलेले नाहीत. हयगयीला कारण नसते, आणि तिचे मापही कुणी घेतलेले नसते. भाषांतरकार एखादा श्लेष सोडून देतो तेव्हा तो काय सोडले हे जाणतो. वाक्यच न समजता पुढे जाणारा भाषांतरकार वेगळा. दोघांच्याही भाषांतरात काही तरी राहून गेलेले असते, म्हणून दोघांना एकाच मापाने मोजायचे काय? संपूर्ण अचूकपणा अशक्य आहे यावरून अचूकपणा निरर्थक आहे असे सिद्ध होत नाही. सिद्ध होते ते एवढेच, की आपण कुठे थांबलो हे सांगण्याची जबाबदारी आपल्यावर आहे.

आता रिव्हेट मोजणाऱ्यांनाही एक अवघड प्रश्न विचारायला हवा. तुमचे इंजिन मुळाबरहुकूम आहे म्हणता. पण कोणत्या दिवसाच्या मुळाबरहुकूम?

जगातील बहुधा सर्वांत प्रसिद्ध वाफेचे इंजिन 'फ्लाइंग स्कॉट्समन' यांचेच उदाहरण घेऊ. डॉनकास्टरच्या कारखान्यातून ते १९२३ साली बाहेर पडले तेव्हा त्याचा क्रमांक १४७२ होता. पुढच्या वर्षी तो ४४७२ झाला आणि याच क्रमांकाने ते अजरामर झाले. १९४७च्या आरंभी त्याची पुनर्बांधणी झाली. मूळ बाष्पकात दर चौरस इंचाला १८० पौंड दाब असे, आता तो २२० झाला, आणि इंजिनाचा वर्गही बदलला. ब्रिटिश रेल्वेच्या काळात क्रमांक ६०१०३ आला. १९५० नंतर चालकाची जागा उजवीकडून डावीकडे गेली, मग दुहेरी धुराडे बसले, आणि १९६१ साली धूर बाजूला सारणारे जर्मन धाटणीचे पत्रे लागले. १९६३ साली ते सेवेतून निवृत्त झाले. ॲलन पेग्लर यांनी ते विकत घेतले आणि त्याला पुन्हा एकेरी धुराडे, सफरचंदी हिरवा रंग आणि ४४७२ हा क्रमांक दिला. त्या रूपात ते १९६९ साली अमेरिकेला गेले.

एवढ्या बदलांतून गेलेल्या वस्तूचे 'मूळ' कोणते? उत्तर असे की 'फ्लाइंग स्कॉट्समन' असे एक इंजिन नाहीच. १९२४चे आहे, १९३४चे आहे, १९६१चे आहे. ३० नोव्हेंबर १९३४ रोजी ताशी शंभर मैलांची नोंद करणारे इंजिन ज्याला करायचे असेल, त्याला दुहेरी धुराडे चालणार नाही. पुढे काही वर्षे तर खुद्द खरे इंजिनच दुहेरी धुराडे आणि जर्मन पत्रे अंगावर असताना सफरचंदी हिरव्या रंगात धावत होते. ज्या कंपनीचा तो रंग, तिच्या काळात हे रूप कधीही अस्तित्वात नव्हते. म्हणजे मूळ वस्तूच स्वतःची चुकलेली प्रतिकृती झाली होती! लोकांना रंग हवा होता आणि यंत्राला धुराडे; दोघांनाही मिळाले, मात्र इतिहासाला कुणी विचारले नाही. २०१६ साली दुरुस्तीनंतर ते परत आले ते ६०१०३ या क्रमांकाने आणि ब्रिटिश रेल्वेच्या गडद हिरव्या रंगात. त्याच्या धुराड्याला आणि पत्र्यांना साजेसे रूप तेच होते.

यावरून आम्हाला असे वाटते की अचूकपणाचा पहिला नियम मापाचा नाही, तारखेचा आहे. जी प्रतिकृती आपली तारीख सांगत नाही ती कितीही बारकाईने घडवलेली असो, ती वस्तूची प्रतिकृती नसून वस्तूविषयीच्या सर्वसाधारण भावनेची प्रतिकृती असते. 'शिवकाळ' किंवा 'पेशवाई' नावाचा एक सलग, कधीही न बदलणारा पोशाखी काळ रंगवणाऱ्या कादंबऱ्या आपण वाचल्या आहेत. शंभर वर्षांतली कोणतीही पगडी कोणत्याही डोक्यावर चालते, कारण वाचकाला पगडी हवी असते. सफरचंदी हिरवा रंग आणि ही पगडी, दोन्ही एकाच दुकानातला माल आहे.

पण तपशील इतका जपायचा कशासाठी? त्यात माणूस कुठे आहे? हा आक्षेप सर्वांत गंभीर आहे. त्याचे उत्तर आम्ही एका टेंडरच्या आधाराने देऊ. १ मे १९२८ रोजी लंडन ते एडिंबरा ही ३९२ मैलांची गाडी वाटेत कुठेही न थांबता धावू लागली, आणि त्या दिवशी तिला जोडलेले इंजिन ४४७२च होते. प्रवास आठ तासांहून अधिक. इतका वेळ एकाच फायरमनने कोळसा ओढत राहणे माणसाच्या ताकदीबाहेरचे. आणि गाडी तर थांबवायची नाही. म्हणून कोळसा-पाणी वाहणाऱ्या टेंडरच्या एका बाजूने सुमारे अठरा इंच रुंद आणि पाच फूट उंच असा बोळ काढण्यात आला. अर्ध्या वाटेवर पहिल्या डब्यात विश्रांती घेणारी दुसरी जोडी त्या बोळातून वाकून, अंग चोरून, धावत्या इंजिनावर यायची आणि दमलेली जोडी त्याच वाटेने मागे जायची.

बाहेरून पाहता या बोळाची खूण काय? टेंडरचा मागचा भाग थोडा वेगळा, डब्याला जोडणारा एक झोला आणि एक लहानशी गोल खिडकी. अनभिज्ञ माणसाला हा फरक दिसणारही नाही. त्या दिवसाचे इंजिन साध्या टेंडरसह कुणी केले तर चूक किती? काही मिलिमीटर. पण त्या मिलिमीटरांत चार माणसांचे श्रम आणि त्या श्रमांना मर्यादा असते ही कारखान्याने दिलेली कबुली पुसली जाते. रिव्हेटांचेही तसेच आहे. रिव्हेटांची रांग म्हणजे पत्रा कुठे संपला, कुठे जोडला, आत कोणती टाकी आहे, हे सांगणारी लिपी. ती न वाचता नुसती मोजणारा माणूस अक्षरे मोजून ग्रंथ वाचल्याचे समाधान मानतो हे खरे. पण त्यावर उपाय लिपी पुसून टाकणे हा नव्हे.

आणि म्हणूनच रिव्हेट मोजणाऱ्यांविरुद्ध आमची खरी तक्रार त्यांच्या काटेकोरपणाबद्दल नसून त्यांच्या अपुऱ्या काटेकोरपणाबद्दल आहे. कपाटातली बहुतेक इंजिने आजच रंगवून आल्यासारखी लखलखीत असतात. धुराड्याभोवती काजळी नाही, चाकांवर ब्रेकची तांबूस भुकटी नाही, झडपेखाली चुन्याचे पांढरे ओघळ नाहीत. वाफेचे इंजिन ही घाण करणारी वस्तू होती आणि ती घाण रोज पहाटे कुणी तरी हातांनी पुसत होते. ती वगळून मिळणारे सौंदर्य हे कारखान्याच्या मालकाने छायाचित्रासाठी उभ्या केलेल्या इंजिनाचे सौंदर्य आहे, चालवणाऱ्याच्या अनुभवाचे नव्हे. आवाजाचेही तसेच. दोन सिलिंडरांचे इंजिन चाकाच्या एका फेऱ्यात चार हुंकार देते. ग्रेस्ली यांची तीन सिलिंडरांची इंजिने सहा. रिव्हेटांची रांग बरोबर आणि ताल मात्र भलत्याच इंजिनाचा, अशी प्रतिकृती आम्हाला शुद्धलेखन निर्दोष असलेल्या पण वृत्त बिघडलेल्या कवितेसारखी वाटते.

मग ज्यांना मूळच नको, त्यांचे काय? ऑक्सफर्डजवळच्या लाँग विटनम गावी पेंडन नावाचे संग्रहालय आहे. ते उभे करणारे रॉय इंग्लंड मूळचे ऑस्ट्रेलियाचे. १९२५ साली इंग्लंडात आले आणि गवती छपरांची जुनी घरे डोळ्यांदेखत बदलत चाललेली पाहून त्यांनी ती मोजून, टिपून, छोट्या रूपात जपायला घेतली. तिथल्या देखाव्यातून गाय विल्यम्स यांनी घडवलेली ग्रेट वेस्टर्न रेल्वेची इंजिने धावतात. काटेकोरपणाचे हे माहेरघरच. पण तिथले रूळ १८ मिलिमीटरचे आहेत, १८.८३चे नाहीत, आणि त्यामुळे कुणी त्या कामाला हयगय म्हटल्याचे आमच्या ऐकिवात नाही. याच छपराखाली जॉन एहर्न यांची 'मॅडर व्हॅली'ही जपली आहे. ही दरी नकाशावर कुठेही नाही. तिची रेल्वे एहर्न यांच्या कल्पनेतली, तिच्यावरची इंजिने त्यांच्या मर्जीची. आम्हाला या दोन शेजाऱ्यांत विरोध दिसत नाही. एक म्हणतो, 'हे असे होते'. दुसरा म्हणतो, 'हे असे कधीच नव्हते'. दोघेही खरे बोलतात. खोटे बोलतो तो तिसरा, जो कल्पनेतले इंजिन करून त्यावर खरा क्रमांक रंगवतो.

हा सारा इंग्रजांचा घरगुती मामला आहे, आपल्याला काय त्याचे, असे कुणी म्हणेल. पण आपल्याला त्याचे बरेच काही आहे. आपला ब्रॉडगेज साडेपाच फुटांचा. चार मिलिमीटरच्या प्रमाणात त्याचे रूळ बरोबर २२ मिलिमीटरचे हवेत. बाजारात मिळतात ते १६.५चे. म्हणजे इंग्रजांचा आठवा हिस्सा हरवतो तिथे आपला नेमका चौथा हिस्सा हरवतो. 'एच ओ' प्रमाण घेतले तरी सातवा हिस्सा जातोच. आपल्या गाड्यांचे जे पहिले लक्षण, ते ऐसपैस रुंद बसणे, तेच तयार रुळांवर नाहीसे होते. ही तडजोड करू नये असे आम्ही म्हणत नाही. चाके आणि रूळ घरी घडवणे प्रत्येकाला शक्य नाही. पण ती तडजोड आहे हे तरी प्रतिकृतीखालच्या पाटीवर लिहिलेले असावे.

त्याहून मोठा प्रश्न तारखेचा. १९४७ पासून वीस वर्षांत आपल्याकडे 'डब्ल्यू पी' वर्गाची ७५५ इंजिने आली. निमुळत्या गोल नाकावर चांदणी असलेली ही इंजिने अमेरिका, कॅनडा, पोलंड, ऑस्ट्रिया आणि शेवटी आपले चित्तरंजन अशा ठिकाणी घडली. पण कारखान्यातून बाहेर पडलेले इंजिन आणि शेडमध्ये दहा वर्षे नांदलेले इंजिन एक नव्हे. आपल्या शेडांतील माणसांनी आपापल्या इंजिनांना रंग दिले, पितळी पट्ट्या चढवल्या, नक्षी काढली. हे कारखान्याच्या नकाशात सापडणार नाही. ते सापडेल जुन्या छायाचित्रांत आणि माणसांच्या आठवणींत. ब्रॉडगेजवरची नियमित वाफेची गाडी १९९५ साली थांबली. तेव्हा पंचविशीत असलेला फायरमनही आज पन्नाशी ओलांडून गेला आहे, आणि चालक त्याहून कितीतरी वयस्क. त्यांना अजून विचारता येते. उद्या येणार नाही. मग एक गुळगुळीत, सर्वसाधारण, काळ्या रंगाचे 'डब्ल्यू पी' उरेल आणि पुढची मुले तेच खरे मानतील, कारण त्यांच्यापाशी दुसरे काही नसेल. मूळ नाहीसे झाल्यावर प्रतिकृतीच पुरावा होते. रिव्हेट मोजणाऱ्याला हे आधी कळलेले असते, एवढाच त्याचा अपराध.

तेव्हा आमची मागणी लहान आहे. प्रत्येक प्रतिकृतीखाली तीन ओळी असाव्यात. हे कोणते इंजिन, कोणत्या क्रमांकाचे? कोणत्या वर्षीचे? आणि ते करताना काय सोडून दिले? पहिल्या दोन ओळी लिहायला अभ्यास लागतो. तिसरी लिहायला प्रामाणिकपणा लागतो, आणि ती वाचूनच आम्ही कारागिराची पारख करू. ज्याची तिसरी ओळ कोरी आहे त्याने सर्व रिव्हेट मोजले असतील, पण स्वतःला मोजायचे त्याच्याकडून राहून गेले आहे.